परीक्षा, नोंदवही आणि परिचारिका : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात परिचर्या नोंदणी परीक्षेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचे लेखन करताना मुक्तिसंग्राम, शेती, दुष्काळ, सहकार आणि शिक्षण या विषयांना अभ्यासकांनी योग्य ते स्थान दिले आहे. आरोग्यसेवेचा इतिहास मात्र रुग्णालयाच्या इमारती, डॉक्टरांची नावे आणि साथीचे रोग यांपुरताच मर्यादित राहिला. रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस उभी राहणारी परिचारिका कोणत्या परीक्षेतून तेथपर्यंत पोहोचली, तिच्या ज्ञानाची कसोटी कोणी घेतली आणि तिचे नाव शासनमान्य नोंदवहीत केव्हा लिहिले गेले, हे प्रश्न फारसे विचारले गेले नाहीत.

पूर्वीचा उस्मानाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव या नावाने ओळखला जाणारा जिल्हा या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात असा या भूभागाचा प्रवास झाला. राज्य बदलले की कायदा बदलतो, कायदा बदलला की परीक्षा घेणारी संस्था बदलते आणि तिच्याबरोबर परीक्षेची भाषा व केंद्रही बदलते. या बदलांचा अर्थ परिचर्येच्या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या ग्रामीण मुलीच्या बाजूने लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

परिचर्या नोंदणीच्या संकल्पनेचा विकास तपासणे, सीमावर्ती जिल्ह्यातील राजकीय स्थित्यंतरांचा या व्यवस्थेशी असलेला संबंध स्पष्ट करणे आणि परवान्यासाठीच्या परीक्षेचे बदलते स्वरूप अभ्यासणे ही प्रस्तुत निबंधाची तीन उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, शासकीय समित्यांच्या शिफारशी, अभ्यासक्रम आणि परिचर्येच्या इतिहासविषयक ग्रंथ यांचा आधार घेतला आहे.

नोंदणी या संकल्पनेचा उगम

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत परिचारिका होण्यासाठी जगात कोठेही शासकीय परीक्षा नव्हती. रुग्णालय स्वतःच शिकवीत असे आणि स्वतःच प्रमाणपत्र देत असे. त्यामुळे एका रुग्णालयाचे प्रमाणपत्र दुसरीकडे किती विश्वासार्ह मानावे, हा प्रश्न निर्माण होई. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कायदा केला. ब्रिटनमध्ये प्रसविकांसाठी १९०२ मध्ये आणि परिचारिकांसाठी दीर्घ वादानंतर १९१९ मध्ये कायदा झाला. ब्रिटिश कायद्याने आधीपासून व्यवसायात असलेल्या स्त्रियांना ठरावीक मुदतीत परीक्षेशिवाय नोंदणी करण्याची सवलत दिली. नवा नियम आणताना जुन्या अनुभवाचे काय करावयाचे, हा प्रश्न तेथील कायदेकर्त्यांना विचारात घ्यावा लागला, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भारतात लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य पुरविणारी संघटना स्थापन झाली. मुंबईत १८८० च्या दशकात परिचारिकांच्या पद्धतशीर प्रशिक्षणास प्रारंभ झाला. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका होत, अशी नोंद परिचर्येच्या इतिहासग्रंथांत आढळते. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने हिंदू स्त्रियांना, विशेषतः विधवांना, या व्यवसायाची वाट दाखविली. मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांच्या मिशन रुग्णालयाने परिचारिका प्रशिक्षणाची परंपरा निर्माण केली. १९०८ मध्ये भारतीय प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना अस्तित्वात आली. तरीही परीक्षा आणि नोंद यांना कायद्याचा आधार मिळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. मद्रास प्रांताने १९२६ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९३५ मध्ये परिचारिका, प्रसविका व आरोग्य अभ्यागता यांच्या नोंदणीचा कायदा केला.

सीमेच्या दोन बाजू

मुंबई प्रांताचा १९३५ चा कायदा सोलापूर जिल्ह्यास आणि त्यातील बार्शी तालुक्यास लागू होता. बार्शीच्या पूर्वेस काही मैलांवर सुरू होणाऱ्या निजामी मुलखास तो लागू नव्हता. तुळजापूर, परंडा, कळंब या भागांतील लोकांचे व्यापारी व कौटुंबिक संबंध सोलापूर-बार्शीशी घनिष्ठ होते. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज लाईन १९११ मध्ये येडशीमार्गे लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये पंढरपूरच्या पुढे मिरजेपर्यंत पोहोचली होती. म्हणजे येडशी आणि मिरज ही दोन गावे एकाच लोहमार्गावर होती. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती दोन निराळ्या राजवटींत होती.

यासोबत भाषेचा प्रश्न होता. हैदराबाद संस्थानात प्रशासनाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकासह उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून देण्याचा प्रयोग केला. भारतीय भाषेतून आधुनिक ज्ञान देण्याचा तो मोठा प्रयत्न होता, हे मान्य करावेच लागते. परंतु ज्यांची मातृभाषा मराठी होती आणि ज्यांच्यापर्यंत प्राथमिक शिक्षणही पुरेसे पोहोचले नव्हते, अशा ग्रामीण स्त्रियांना त्या प्रयोगाचा लाभ मिळणे कठीण होते. परिणामी या भागात प्रसूती आणि आजारपण यांचा भार गावातील सुईणीवरच राहिला. तिचे ज्ञान परंपरेने आलेले होते. तिला बलुतेदारीच्या व्यवहारात धान्य, लुगडे, खण मिळत असे, पण तिचे नाव कोणत्याही नोंदवहीत येत नसे.

भोर समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालातील आकडे या पार्श्वभूमीवर वाचावयास हवेत. त्या वेळी देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे सरासरी ४३,००० लोकसंख्येमागे एक. ही सरासरीदेखील शहरांमुळे आलेली होती. समितीने १९७१ पर्यंत ५०० लोकसंख्येमागे एक परिचारिका असे उद्दिष्ट सुचविले.

हैदराबादहून मुंबईकडे

स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४७ च्या अखेरीस, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा संमत झाला. देशभरातील प्रशिक्षणाचा किमान दर्जा ठरविणे आणि एका राज्यातील पात्रतेस दुसऱ्या राज्यात मान्यता मिळवून देणे, हा त्याचा गाभा होता. प्रत्यक्ष नोंदणी मात्र राज्य परिषदांकडेच राहिली. परीक्षा कोणी घ्यावी, हेही राज्याच्या व्यवस्थेवर अवलंबून राहिले.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. उस्मानाबादच्या दृष्टीने सत्तेचे केंद्र हैदराबादहून मुंबईकडे सरकले. मुंबई राज्यात १९५४ चा सुधारित कायदा अस्तित्वात होता, तर विदर्भास मध्य प्रांताच्या कायद्याचा वारसा होता. या निरनिराळ्या परंपरांचे एकीकरण महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ ने केले. महाराष्ट्र परिचर्या परिषद ही राज्यासाठी एकच नोंदवही ठेवणारी संस्था झाली.

या एकीकरणाचे महत्त्व केवळ प्रशासकीय नाही. परंड्याची परिचारिका आणि परळची परिचारिका यांची नावे आता एकाच नोंदवहीत, एकाच अर्हतेच्या आधारे लिहिली जाऊ लागली. मराठवाड्यातील स्त्रीला जमीन, घर आणि रेशनकार्ड यांवर कुटुंबप्रमुख म्हणून क्वचितच स्थान होते. त्या काळात नोंदणी प्रमाणपत्र हा तिच्या स्वतःच्या नावाचा आणि स्वतःच्या कर्तृत्वाचा दस्तऐवज होता. मात्र समान नोंदवही म्हणजे समान संधी नव्हे. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये, सोलापूरचे १९६३ मध्ये, अंबाजोगाईचे १९७० च्या दशकात आणि लातूरचे २००२ मध्ये सुरू झाले. उस्मानाबाद येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास मान्यता मिळण्यासाठी २०२२ उजाडावे लागले. परिचर्येचे उत्तम प्रात्यक्षिक शिक्षण मोठ्या रुग्णालयावर अवलंबून असते. त्यामुळे या पाऊण शतकाच्या दिरंगाईचा परिणाम परीक्षार्थींच्या तयारीवर होणे अपरिहार्य होते.

परीक्षेचे स्वरूप आणि तयारी

भारतीय व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. अमेरिकेत परिचर्येचे शिक्षण पूर्ण केल्यानंतर परवान्यासाठी एन-क्लेक्स ही स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. तिची पूर्वपरंपरा १९४४ पासूनची असून १९८२ मध्ये तिला हे नाव मिळाले. १९९४ मध्ये ती संगणकाधारित झाली आणि उमेदवाराच्या उत्तरानुसार पुढील प्रश्नाची काठिण्यपातळी ठरू लागली. एप्रिल २०२३ पासून तिच्यात रुग्णप्रसंगावर आधारित निर्णयक्षमता तपासणाऱ्या प्रश्नांचा समावेश झाला. भारतात मात्र अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा हीच व्यवहारात परवान्याची परीक्षा ठरली. ती उत्तीर्ण होऊन, विहित प्रात्यक्षिक अनुभव पूर्ण करून अर्ज केला की परिषद नोंदणी करते.

म्हणून आपल्याकडील परीक्षेची तयारी काही महिन्यांच्या वाचनापुरती मर्यादित नसते. ती प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे, सामाजिक आरोग्य, बालरोग, मानसिक आरोग्य आणि प्रसूतिशास्त्र हे विषय शिकत असतानाच विद्यार्थिनीस वॉर्डात पाळी करावी लागते. सकाळी बिछाने लावणे, तापमान व नाडी यांची नोंद, औषधवाटप, मलमपट्टी, दुपारी वर्ग आणि रात्री वसतिगृहात अभ्यास, असा हा दिनक्रम आहे. पाठ्यनिर्देशिका एखादी कृती प्रथम करून दाखविते, नंतर विद्यार्थिनीकडून करून घेते आणि मगच तिच्या कार्यनोंदवहीवर स्वाक्षरी करते. प्रसूतीची प्रकरणवही विशेष महत्त्वाची असते. गर्भवतीची तपासणी, प्रत्यक्ष केलेली प्रसूती, नवजात बालकाची काळजी या प्रत्येकाची विहित संख्या पूर्ण झाल्याशिवाय केवळ लेखी गुणांच्या आधारे पात्रता मिळत नाही.

लेखी व प्रात्यक्षिक या दोन्ही भागांत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण आवश्यक असतात. प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाह्य परीक्षक रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून प्रश्न विचारतात. औषधाची मात्रा कशी काढली, निर्जंतुक साहित्य कोणत्या क्रमाने मांडले, प्रसूतीनंतर रक्तस्राव वाढल्यास प्रथम काय कराल, अशा प्रश्नांना पाठांतराने उत्तर देता येत नाही. ज्या रुग्णालयात रुग्णसंख्या, उपकरणे व शिक्षिका पुरेशा असतात, तेथील विद्यार्थिनीस हा भाग सोपा जातो. ज्या संस्थेत प्रात्यक्षिकाचा अनुभव कागदावरच अधिक असतो, तेथील विद्यार्थिनी कितीही हुशार असली तरी खाटेजवळ अडखळते. हा दोष तिचा नसून प्रशिक्षणाचा असतो.

लेखी भागात अडचण वेगळी आहे. जनरल नर्सिंग व पदवी अभ्यासक्रमांचे माध्यम इंग्रजी आहे. भूम, वाशी किंवा लोहारा तालुक्यातील मराठी शाळेत शिकलेल्या मुलीस पहिल्या वर्षी विषयाबरोबर भाषाही शिकावी लागते. तिच्या आजीच्या पिढीपुढे उर्दूचा अडसर होता, तिच्यापुढे इंग्रजीचा आहे. वास्तविक ज्या रुग्णाची ती शुश्रूषा करणार असते, तो पोटात कळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अंग मोडून आले आहे, अशा मराठीतच आपली व्यथा सांगतो. ती व्यथा समजून घेऊन वैद्यकीय परिभाषेत नोंदविणे हे परिचारिकेचे महत्त्वाचे कौशल्य आहे. परीक्षेत या कौशल्यास स्वतंत्र गुण नाहीत.

सुईण, सहायक परिचारिका आणि नोंदवहीबाहेरील स्त्रिया

ग्रामीण भागासाठी पूर्ण प्रशिक्षित परिचारिका पुरेशा संख्येने मिळणार नाहीत, हे ओळखून १९५० च्या दशकात सहायक परिचारिका प्रसविका हा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम देशात सुरू झाला. करतारसिंग समितीने १९७३ मध्ये तिला बहुउद्देशीय आरोग्य सेविकेचे स्वरूप देण्याची शिफारस केली. पुढे अभ्यासक्रमाची मुदत दोन वर्षांवरून दीड वर्षावर आली आणि २०१२-१३ च्या सुमारास ती पुन्हा दोन वर्षांची झाली. प्रवेशासाठीची किमान अर्हताही दहावीवरून बारावी अशी वाढली. या अभ्यासक्रमास प्रादेशिक भाषेचे माध्यम उपलब्ध असल्यामुळे ग्रामीण मुलींसाठी परिचर्येत येण्याचा हा सर्वांत जवळचा मार्ग ठरला.

या बदलांत एक अंतर्विरोध आहे. अर्हता वाढविल्याने शिक्षणाचा दर्जा उंचावतो, परंतु लवकर विवाह, दुष्काळ किंवा ऊसतोडीसाठीचे स्थलांतर यांमुळे ज्या मुलींचे शिक्षण दहावीनंतर थांबते, त्यांच्यासाठी हा मार्ग बंद होतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती आणि तिचा बहुतांश भाग ग्रामीण होता. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत उस्मानाबाद होता. अशा जिल्ह्यात पात्रतेचा प्रत्येक निकष सामाजिक निकषही ठरतो.

सुईणीच्या बाबतीत हा अंतर्विरोध अधिक तीव्र आहे. शासनाने वेळोवेळी सुईणींना प्रशिक्षण दिले, स्वच्छ प्रसूतीचे साहित्य दिले, परंतु परवानाधारक व्यावसायिक म्हणून तिला स्थान मिळाले नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने संस्थात्मक प्रसूतीवर भर दिला आणि आशा स्वयंसेविका गावोगाव आली. मातामृत्यू रोखण्याच्या दृष्टीने ही दिशा योग्यच होती. तथापि, पिढ्यान्‌पिढ्या गावाला जन्माच्या वेळी आधार देणारी स्त्री कोणत्याही परीक्षेस बसण्याची संधी न मिळताच व्यवस्थेबाहेर गेली. ब्रिटनने १९१९ मध्ये अनुभवी स्त्रियांसाठी काही काळ जे दार उघडे ठेवले होते, तसे दार तिच्यासाठी उघडले गेले नाही.

परीक्षक आणि नोंदणी अधिकारी यांची फारकत

१९६६ च्या व्यवस्थेत महाराष्ट्र परिचर्या परिषद ही परीक्षा घेणारी आणि नोंदणी करणारी, अशी एकच संस्था होती. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाल्यावर पदवी परीक्षा त्याच्याकडे आल्या. २०१३ च्या कायद्याने महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची तरतूद झाली आणि पदविका पातळीवरील परीक्षांची जबाबदारी त्या मंडळाकडे गेली. परिषदेकडे नोंदणी, नूतनीकरण व व्यावसायिक शिस्त ही कार्ये राहिली.

तत्त्वतः ही फारकत योग्य आहे. शिकविणारा, परीक्षा घेणारा आणि परवाना देणारा वेगवेगळा असेल तर परस्पर नियंत्रण राहते. विद्यार्थिनीच्या दृष्टीने मात्र अर्ज, शुल्क, गुणपत्रक आणि प्रमाणपत्र यांसाठीच्या संस्था वाढल्या. निकाल व नोंदणी यांत विलंब झाला तर तिला नोकरीचा अर्ज करता येत नाही, कारण शासकीय असो वा खाजगी, परिचारिकेच्या पदासाठी नोंदणी ही पूर्वअट आहे. निम्नमध्यमवर्गीय वा शेतकरी कुटुंबाने कर्ज काढून शिकविलेल्या मुलीसाठी असे काही महिने फार मोठे असतात.

नोंदणीनंतरही परीक्षांची मालिका संपत नाही. राज्यातील सरळसेवा भरती, जिल्हा परिषदेची आरोग्य सेविका पदे आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांची २०२० पासूनची सामाईक भरती परीक्षा यांसाठी बहुपर्यायी प्रश्नांचा सराव करावा लागतो. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना त्या त्या देशाची परवाना परीक्षा आणि भाषा परीक्षा द्यावी लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला आणि त्यात परिचारिकांचाही समावेश असल्याने जर्मन भाषेची भर या यादीत पडली. रुग्णाच्या खाटेजवळ सिद्ध केलेले कौशल्य आणि संगणकाच्या पडद्यावर निवडलेला पर्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोकरी दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून राहिली की पहिलीकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो.

२०२३ चा कायदा आणि पुढील प्रश्न

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग अधिनियम संमत झाला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद त्यात आहे. राज्य आयोगांच्या कार्यांत नोंदवही ठेवण्याबरोबर कौशल्याधारित परीक्षेचाही समावेश करण्यात आला आहे. १९३५ पासून चालत आलेल्या, अंतिम परीक्षा हीच परवान्याची कसोटी मानणाऱ्या परंपरेत हा महत्त्वाचा बदल ठरू शकतो.

अशी परीक्षा कोठे आणि कशी घेतली जाईल, यावर तिचे सामाजिक परिणाम अवलंबून राहतील. ती केवळ महानगरांतील केंद्रांत आणि संगणकावर झाली, तर १९३५ मधील प्रांताच्या सीमेप्रमाणे अंतराची आणि खर्चाची नवी सीमा निर्माण होईल. खाजगी शिकवणीवर्गांना त्यातून चालना मिळेल. याउलट ती जिल्हा रुग्णालयात, प्रत्यक्ष कृतीच्या आधारे झाली, तर विद्यार्थिनीबरोबर तिच्या प्रशिक्षण संस्थेचीही कसोटी लागेल. प्रात्यक्षिकाची सोय नसलेल्या संस्था आपोआप उघड्या पडतील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, परिचर्या परवान्याची परीक्षा ही रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक व्यवस्था असून तिचे शिथिलीकरण समर्थनीय नाही. दुसरा, धाराशिव जिल्ह्यात या परीक्षेपर्यंत पोहोचण्याची संधी गुणवत्तेइतकीच राजकीय सीमा, माध्यमाची भाषा आणि मोठ्या रुग्णालयाचे अंतर यांनी ठरविली. तिसरा, १९६६ च्या एकत्रित नोंदवहीने ग्रामीण स्त्रीस कायदेशीर समानता दिली, परंतु प्रशिक्षणाच्या सोयी त्या गतीने आल्या नाहीत. चौथा, पारंपरिक सुईणीचा अनुभव कसोटीस न लावताच वगळला गेला.

यापुढील धोरणात जिल्हा पातळीवर प्रात्यक्षिक कौशल्य प्रयोगशाळा, पहिल्या वर्षी इंग्रजी परिभाषेचा मराठीतून परिचय, रुग्णाशी मराठीत साधावयाच्या संवादास प्रात्यक्षिकात स्वतंत्र गुण आणि निकालानंतर ठरावीक मुदतीत नोंदणी या चार बाबींचा विचार होणे अगत्याचे आहे. जिल्ह्यात आता वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. त्याच्या वॉर्डांचा उपयोग भावी डॉक्टरांबरोबर परिचर्येच्या विद्यार्थिनींच्या तयारीसाठी किती होतो, यावर नोंदवहीत पुढे येणाऱ्या नावांची गुणवत्ता अवलंबून राहील.